पहाटे चार त्रेचाळीसचा फोन

मोबाइलमधली जुन्या कॉलची यादी मी महिन्याला पुसून टाकते. एक नोंद मात्र स्क्रीनशॉट काढून ठेवली आहे. महेश, पहाटे ४.४३, एक मिनिट बारा सेकंद. तेवढ्यात आम्ही भावंडं काय बोललो, तर नळाला पाणी आलंय आणि मोटरची पिन सापडत नाही. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. काही दिवसांआड येणारं पाणी रात्री-अपरात्री कधीही येतं, आणि आलं की घरातला माणूस दवाखान्यात असो नाहीतर मांडवात, टाकी भरावीच लागते.

त्या नळाच्या फोनमुळं आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, मेंदूच्या झटक्यावरचं इंजेक्शन मिळालं. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत खतावण्या लिहिते. त्यामुळं वैद्यकातलं जे काही खाली येईल, ते त्या तीन आठवड्यांत डॉक्टरांना विचारून विचारून, कधी त्यांचा वैताग पत्करून, समजून घेतलेलं आहे.

अण्णा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आयुष्य मागांवर गेलं. आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे माग अडला की तो चालता करून देणारा माणूस. चाळीस वर्षांच्या खडखडाटानं कान अर्धे गेले, पण बोटं तल्लख. त्यांना एक खोड आहे. बसल्या जागी चादरीची नाहीतर टॉवेलची दशी ओढायची, तोडून दोन तुकडे करायचे आणि चिमटीत धरून त्यांना गाठ मारायची. मागावर तुटलेलं सूत जोडतात तीच गाठ. इतकी बारीक की वरून बोट फिरवलं तरी लागत नाही. टीव्ही बघताना, फोनवर बोलताना, आईची बोलणी खाताना हाताला हाच चाळा. आई म्हणायची, "अहो, घरातल्या सगळ्या चादरी टकल्या करून ठेवल्यात तुम्ही."

बीपी आणि साखर पंधरा वर्षांची. या आजारपणाच्या दोन वर्षं आधी जिना चढताना धाप लागते म्हणून दाखवलं, तेव्हा ईसीजीत नाडी वेडीवाकडी पळताना सापडली. एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे दाबून रक्त ढकलण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपाची ताकद, ज्याला सगळे 'ईएफ' म्हणतात, ती चाळीस टक्क्यांवर आलेली. चांगल्या हृदयाची पंचावन्नच्या वर असते. तेव्हापासून गोळ्यांचा कप्प्याकप्प्यांचा डबा आला. बीपीची, साखरेची, अंगातलं जादा पाणी काढायची म्हणजे लघवीची, आणि रक्त पातळ करायची एक इवलीशी गोळी, ॲसिनोकुमारॉल. हिच्यापायी दर महिन्याला रक्त तपासायचं आणि आयएनआर नावाचा आकडा दोन ते तीनच्या मधे ठेवायचा. दोनच्या खाली गेला तर गोळीचा उपयोग नाही, तीनच्या वर गेला तर रक्तस्रावाची भीती. मी वही घातली होती. तारीख, आयएनआर, डोस, असे तीन रकाने. पतसंस्थेची सवय.

ती वही ११ नोव्हेंबरनंतर जानेवारीपर्यंत कोरी आहे.

दाढ काढायची होती. दातांच्या दवाखान्यात तोंडी सांगितलं, रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस बंद ठेवा. ठेवली. दाढ निघाली. परत कधी सुरू करायची हे त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. डिसेंबर गेला. डब्यातला तो कप्पा रिकामाच राहिला आणि आई म्हणाली, बरं झालं, एक गोळी तरी कमी झाली. मीही हसले. पुढं हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आयएनआर आटोक्यात असेल तर एखादी दाढ काढायला ही गोळी बहुतेक वेळा बंदसुद्धा करावी लागत नाही. ते ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं तो रिकामा कप्पा होता.

मग गड्डा आला. सिद्धेश्वराची यात्रा. अण्णा तरुणपणापासून नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मागं चालत आलेले. हल्ली चालवत नाही, पण संमती कट्ट्यावरच्या अक्षता, म्हणजे यात्रेतला लग्नसोहळा, चुकवायच्या नाहीत. पांढरी बाराबंदी घालून सकाळी घर सोडायचं ते ऊन कलल्यावर परत. त्या गर्दीत लघवीला जायचं कुठं? म्हणून त्यांनी अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी लघवीची गोळी घेतली नाही. अक्षतेच्या दिवशी नाही. होमाच्या दिवशीही नाही. कुणाला न सांगता. वर सणाचं जेवण : बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी, पापड, खारातली मिरची. मीठ किती गेलं असेल ते सिद्धरामेश्वरालाच ठाऊक.

होमाच्या रात्री दीड वाजता आईनं मला फोन केला. मी जुळे सोलापुरात, ते सत्तर फूट रोडला. जाऊन बघते तर अण्णा पलंगाच्या काठावर पुढं वाकून बसलेले, जानेवारीच्या थंडीत खिडकी सताड उघडी, आणि छातीतून हुक्क्यासारखी गुरगुर. "आडवं पडलं की बुडाल्यासारखं होतंय," एवढं एक वाक्य त्यांनी चार श्वासांत सांगितलं. पायाला बोट लावलं तर खळगा पडत होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ऑक्सिजन ८४, बीपी १९०-११०, नाडी १४० आणि तीही बेताल. डॉक्टर म्हणाले, ॲक्यूट हार्ट फेल्युअर. 'हार्ट फेल' ऐकून आई कॉरिडॉरमध्येच मटकन खाली बसली. तिला वाटलं, संपलं. आपल्याकडं हार्ट फेल म्हणजे मेलाच, असा अर्थ. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून तिला सांगितलं, "आज्जी, हृदय बंद नाही पडलेलं, कमी पडायलंय. पुढं ढकलायचं पाणी मागं फुफ्फुसात तुंबलंय." या आजाराचं नाव ज्यानं ठेवलं त्याला एकदा कुठल्याही कॅज्युअल्टीबाहेर उभं करायला पाहिजे.

तोंडाला घट्ट मास्क बांधून दाबानं हवा देणारं बायपॅप मशीन लावलं, शिरेतून लघवी वाढवणारं लॅसिक्स सुरू केलं, बीपीसाठी सलाइनमधून औषध. आणि लघवीची पिशवी. पुढचे दोन दिवस आमचं अख्खं घर त्या पिशवीकडं बघत होतं. पहिल्या चोवीस तासांत साडेतीन लिटर. महेशनं गिरणीतल्या मित्रांच्या ग्रुपवर तो आकडा टाकला, जणू सोसायटीचा लाभांश. वजन ७१ वरून साडेसदुसष्ट. सूज उतरली, गुरगुर थांबली, अण्णांना आयसीयूतून सेमी-स्पेशलमध्ये आणलं. मास्क आता फक्त रात्री. सगळे म्हणाले, वाचले.

दोन गोष्टी तेव्हाच फायलीत होत्या आणि त्या एकमेकींना भेटल्या नाहीत. भरतीच्या घाईत महेशनं मोबाइलमधला जुन्या चिठ्ठीचा फोटो दाखवला होता, त्यात रक्त पातळ करायची गोळी होती, म्हणून केसपेपरवर ती 'चालू' अशी नोंद झाली. आणि त्याच रात्रीच्या रक्ततपासणीत आयएनआर आला होता १.१, म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाचा. दोन कागद, एकच फाइल. आमच्या खात्यात अशी तफावत निघाली असती तर संध्याकाळपर्यंत घरी जाऊ दिलं नसतं. पण चूक त्यांच्याच माथी मारणार नाही. गोळी दोन महिने बंद आहे हे आम्हाला ठाऊक होतं आणि आम्ही बोललो नाही. डोक्यात फक्त दम होता. शिवाय पोटात रोज एक छोटं इंजेक्शन देत होते, "गुठळी होऊ नये म्हणून." मला वाटलं, तेच की हे. ते नव्हतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पायात गुठळी होऊ नये एवढ्यापुरता तो लहान डोस असतो. थरथरणाऱ्या हृदयातली गुठळी रोखायला तो पुरत नाही.

१८ तारखेची पहाट. मी बाकड्यावर, घरच्याच चादरीखाली. अण्णांच्या अंगावरही घरचीच, चटईच्या नक्षीची. ४.४३ ला फोन थरथरला.

"अक्का, नळ आलाय. मोटरची पिन कुठंय बे?"

मी हळू आवाजात सांगत होते, पण अर्ध्या बहिऱ्या माणसाला नको ते बरोबर ऐकू येतं. अण्णांनी स्वतःच्या हातानं मास्क वर सरकवला आणि खणखणीत म्हणाले, "शिडीच्या मागं खिळ्याला अडकवलीय. अन् त्याला सांग, आधी मोटर बंद करायची, मग पाइप काढायचा. शॉक बसंल." मग मास्क परत बसवून घेतला. मी फोन ठेवला आणि डोळा लागला.

चहावाल्याच्या हाकेनं उठले तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अण्णा जागे. पांघरुणावर त्यांच्या उजव्या हाताजवळ एक दशी पडलेली, दुसरी खाली फरशीवर. दोन तुकडे केलेले, गाठ नाही. डावा हात चादरीचा काठ चाचपत होता. उजवा उताणा, बोटं अर्धवट मिटलेली, हलत नव्हती. मी पलंगाच्या उजव्या बाजूला. "अण्णा, चहा सांगू का?" ते डावीकडं भिंतीला बघत राहिले. परत हाक मारली, तरी भिंतीलाच. तोंडावर मास्क, त्यामुळं चेहरा दिसायचा तेवढा कपाळ आणि डोळे. मास्क काढला तर उजव्या कोपऱ्यातून लाळ ओघळून गादीपर्यंत गेलेली. बोलायला गेले आणि नुसतं "ब... ब..." आलं.

सिस्टरना बोलावलं. त्या वाईट नव्हत्या, रात्रभर एकट्या अठरा पेशंट बघत होत्या. म्हणाल्या, "मशीननं झोप होत नाही ओ, दमलेत ते. उठतील थोड्या वेळात." मी म्हटलं, "सिस्टर, त्यांनी दशी ओढलीय अन् गाठ मारली नाही." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आधी मलाच सलाइन लावावं. पण माझ्या तोंडून दुसरं काही निघेना. पक्षाघात, लकवा, स्ट्रोक, यातला एकही शब्द मला त्या क्षणी आठवला नाही. घरातल्या हृदयाच्या पेशंटला लकवा मारेल असं कुणाच्या मनात येतं?

रात्रपाळीचे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, आले, तोंडावर पाणी मारून आलेले दिसत होते. त्यांनी पहिल्यांदा बोट टोचून साखर बघितली, १६२. साखर फार उतरली तरी माणूस असाच लुळा दिसतो म्हणून ती आधी बघतात. मग दोन्ही हात वर धरायला लावले. डावा राहिला, उजवा ओल्या फडक्यासारखा खाली आला. "दात दाखवा" म्हटलं, तर ओठ एकाच बाजूला गेला. त्यांची झोप उडाली. हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावता लावताच मला विचारलं, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?"

"रात्री."

"रात्री म्हणजे किती वाजता? ताई, नीट आठवा."

हा प्रश्न इतका जिवावरचा आहे हे मला नंतर कळलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि घड्याळ सुरू होतं ते लक्षण दिसल्यापासून नाही, तर माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथपासून. झोपताना बरा होता आणि उठल्यावर असा, तर झोपेची वेळ धरायची. अण्णा अकराला झोपलेले. तो हिशोब धरला असता तर साडेतीनलाच मुदत संपली होती. मी फोन उघडला आणि त्यांच्यापुढं धरला. ४.४३. मास्क स्वतःच्या हातानं काढला, स्पष्ट बोलले, पिन कुठं आहे ते बरोबर सांगितलं. आरएमओंनी ती वेळ केसपेपरवर लिहिली आणि भोवती दोनदा गोल केला. आता मुदत सव्वानऊपर्यंत होती.

त्या दवाखान्यात सीटी स्कॅन नव्हता. मेंदूच्या डॉक्टरांचा मोठा दवाखाना गाडीनं दहा मिनिटांवर. ॲम्ब्युलन्स दारात, ऑक्सिजनचा सिलिंडर आणला आणि त्याची चावी कुणाला सापडेना. वॉर्डबॉय या मजल्यावरून त्या मजल्यावर. तेवढ्यात महेश पोचला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, टाकी अर्धी सोडून आलेला. त्यानं काय चाललंय ते बघितलं, खाली गेला, गाडीच्या डिकीतला पाना घेऊन आला आणि सिलिंडर उघडला. जॉबरचा पोरगा. त्या चावीपायी दहा-बारा मिनिटं गेली असतील. हे मी कुणाला शिक्षा व्हावी म्हणून लिहीत नाही, पण ती मिनिटं मला अजून मोजता येतात.

होम मैदानावरून गेलो. गड्ड्याचे पाळणे ताडपत्रीखाली झाकलेले, खेळण्यांच्या दुकानांपुढं कुणीतरी सडा टाकत होतं. आई अण्णांचा डावा हात धरून बसलेली.

सीटीसाठी पाठीवर सपाट झोपवावं लागतं. दोन दिवस आधी हे शक्यच नव्हतं, ते बुडाले असते. आता छाती मोकळी होती म्हणून तेवढी मिनिटं निभावली. सीटीत मला वाटलं गुठळी दिसेल, तर तसं काही नसतं. पहिल्या तासांत मेंदू बहुधा ठीकच दिसतो. बघायचं एवढंच की आत रक्तस्राव झालेला नाही. नव्हता. मोठी रक्तवाहिनीही मोकळी होती, कुठलीतरी फांदी बंद पडलेली. मोठी असती तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढायचा विचार करावा लागला असता.

मेंदूच्या डॉक्टर बाई, माझ्याच वयाच्या. त्यांनी फायलीतला 'चालू' शब्द वाचला आणि थांबल्या. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे? शेवटची कधी घेतली?" आता मात्र मी सगळं सांगितलं. नोव्हेंबर, दाढ, रिकामा कप्पा. त्यांनी मागं उलटून १.१ चा रिपोर्ट काढला, पुन्हा घाईनं तपासून घेतला, पोटातल्या इंजेक्शनचा डोस विचारला. गोळी चालू असती आणि आयएनआर १.७ च्या वर असता तर हे इंजेक्शन देता आलं नसतं. ज्या चुकीनं झटका आला, त्याच चुकीनं इंजेक्शनचं दार उघडं ठेवलं. त्यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टर बाईंनी दोन्ही केलं नाही, फॉर्म पुढं केला. "शंभरातल्या पाच-सहा जणांना यानं मेंदूत रक्तस्राव होतो. तो जिवावरही बेतू शकतो. दिलं नाही तर हात आणि वाचा गेल्यातच जमा धरा." महेशनं माझ्याकडं बघितलं. सही मी केली.

डोस वजनावर ठरतो. हृदयाच्या पेशंटचं रोज सकाळी वजन करतात, ते पाणी मोजायला. आदल्या दिवशीचं साडेसदुसष्ट तिथं कामी आलं. एकूण डोसाचा दहावा भाग एकदम, उरलेला तासाभरात. सुरुवात सात बावन्नला.

अकराच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा हलला. दुपारी कोपर. बोलणं नाही.

पुढचे चोवीस तास ना ॲस्पिरिन, ना रक्त पातळ करायचं दुसरं काही. दुसऱ्या दिवशी परत सीटी. तोवर पाण्याचा घोटही नाही, कारण झटक्यानंतर गिळताना पाणी श्वासनळीत उतरू शकतं. आईनं घरून दुधात भाकरी कुस्करून डबा आणला होता. तो तसाच परत गेला. चमच्यानं पाणी पाजून गिळण्याची परीक्षा झाली तेव्हा ठसका लागला, म्हणून दोन दिवस नाकातून नळी. ती घालतानाचं इथं लिहीत नाही.

तिसऱ्या दिवशी मी हृदयाच्या डॉक्टरांना गाठलं. तेही तिथं बघायला येत होते, आणि थोडे ओशाळलेले होते. माझा एकच प्रश्न होता : छातीत पाणी भरलेल्या माणसाला मेंदूचा झटका कसा? त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर हृदय काढलं. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक कोपरा असतो. कप्पा थरथरायला लागला की त्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं, साचलं की गोठतं, आणि तिथून सुटलेली गुठळी बहुधा सरळ मेंदूकडं जाते. त्यात हृदय कमजोर, म्हणजे सगळाच प्रवाह मंद. त्यात आजारपणात रक्ताची गोठायची प्रवृत्ती वाढते. त्यात माणूस अंथरुणात. आणि लॅसिक्सनं पाणी काढताना रक्त जरा दाट होतं ते वेगळं. पाणी काढल्याशिवाय गत्यंतर नसतं, पण ते किती वेगानं काढायचं याचा म्हणून तर इतका हिशोब. मागं उभा असलेला महेश म्हणाला, "म्हणजे सूत सैल पडलं की गुंता होतो, तसं." डॉक्टर म्हणाले, "तसंच."

त्यांनी सांगितलेलं दुसरं माझ्या डोक्यातून जात नाही. हार्ट फेल्युअरच्या माणसाला झटक्याचा धोका पुढंही असतोच, पण सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या महिन्यात. सहा महिन्यांत तो बराच खाली येतो. म्हणजे दम कमी झाला, सूज उतरली, नातेवाईक पेढे वाटायला लागले, तेव्हाच. आणि दवाखान्यात भरती असलेल्याला झटका आला तर तो घरच्यापेक्षा उशिरा लक्षात येतो, असंही ते म्हणाले. मला नवल वाटलं. मग वाटलं, नवल कसलं? घरी माणूस हातातला कप पाडतो, चप्पल घालता येत नाही, कुणालातरी दिसतं. इथं तो झोपलेलाच असतो, हाताला सलाइन, तोंडाला मास्क, आणि सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर.

झटक्याचा धोका मोजायचा एक तक्ता आहे, चॅड्स-व्हॅस्क म्हणतात. डॉक्टरांनी बोटांवर मोजून दाखवला. हार्ट फेल्युअरचा एक, बीपीचा एक, साखरेचा एक, पासष्टी ओलांडल्याचा एक. चार. पुरुषाला दोन झाले तरी गोळी द्यायला सांगतात. आता झटक्याचे दोन वाढून सहा, आणि पंचाहत्तरी लागली की सात. हा हिशोब मी दोन वर्षांपूर्वीच करू शकले असते. बेरीजच तर होती.

शेजारच्या खाटेवर बार्शीकडचे एक शेतकरी काका होते, त्यांचंही हृदय पंचवीस टक्क्यांवर. आमचं बघून त्यांचा मुलगा हटून बसला, "आमच्या बापूलाबी रक्त पातळ करायची गोळी चालू करा." डॉक्टरांनी नाही म्हटलं, आणि का ते नीट सांगितलं. बापूंची नाडी नियमित होती, इकोत गुठळी नव्हती. अशा कमजोर हृदयाच्या पण नियमित नाडीच्या २३०५ रुग्णांवर वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीची आणि ॲस्पिरिनची तुलना झाली होती, ती २०१२ साली छापून आली. वॉरफरिननं मेंदूचे झटके कमी झाले, पण मोठे रक्तस्राव तितकेच अंगावर आले. म्हणून ज्याची नाडी बेताल, किंवा ज्याच्या हृदयात गुठळी दिसते, त्याला गोळी हवीच. बाकी हार्ट फेल्युअरवाल्यांना सरसकट नाही. मुलाचं समाधान झालं नाही. रात्री त्यानं मला हळूच गोळीचं नाव विचारलं. मी सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी अण्णांना रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, या वेळी ॲपिक्साबॅन. हृदयाची झडप आकसलेली नव्हती म्हणून ही चालते. सकाळ-संध्याकाळ एकेक, महिन्याला आयएनआर नको. पण हिचा असर दिवसभरातच उतरतो, म्हणून एक वेळही चुकवायची नाही. वहीत नवे रकाने आखले. आता 'बंद केली तर कुणी सांगितलं' आणि 'परत कधी सुरू' असेही दोन आहेत.

वाचा कशी परत आली ते मात्र सांगायला पाहिजे. आठ दिवस अण्णांना आईचं नाव येत नव्हतं, पाणी म्हणायचं तर "खिळा" यायचं. फिजिओथेरपीवाला मुलगा पद्मशाली समाजातला, हात वर-खाली करून घेताना सवयीनं तेलुगूत मोजायचा. नवव्या दिवशी तो "ओकटी" म्हणाला आणि अण्णा पुढं सुरू झाले : "रेंडू, मूडू, नालुगू, ऐदू..." दहापर्यंत, एकही न अडखळता. कारखान्यात तेलुगू माणसांबरोबर ताग्यांची मोजणी करून करून पक्कं बसलेलं. मराठी अडकलेली आणि तेलुगू वाहतेय, आम्ही बघतच राहिलो. स्पीच थेरपीच्या बाई म्हणाल्या, मोजणं, वार, आरती, शिव्या, असं तोंडात घोळलेलं बोलणं पुष्कळदा आधी सुटतं. शिव्या लगेच आल्या. आरती दोन दिवसांनी.

घरी सोडताना कागद मिळाला : रोज सकाळी वजन, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन, वरून मीठ नाही, पापड-लोणचं नाही. शेंगाच्या चटणीत आई आता मीठ घालत नाही, आणि आम्हालाही तीच खायला लागते.

उजव्या हातात पेला धरता येतो. सूत नाही. दशी ओढतात, तोडतात, आणि दोन तुकडे आईच्या पुढ्यात ठेवतात. आईला त्यांची गाठ येत नाही, ती आपली साधी मारते. अण्णा ती बोटानं चाचपतात आणि मान हलवतात.

यंदा गड्ड्याच्या आठ दिवस आधी त्यांनी बाराबंदी काढून इस्त्रीला दिली. मी डॉक्टरांना फोन करून भीत भीत विचारलं, अक्षतेला नेऊ का, आणि ती लघवीची गोळी? ते म्हणाले, न्या की, खुर्चीवर बसवा. गोळी सकाळी नको तर घरी आल्यावर दुपारी द्या, पण चुकवू नका. एवढंच. वर्षापूर्वी आम्ही हे विचारलं असतं तर हाच फोन होता, एक मिनिटाचा.

संमती कट्ट्यापासून लांब, सावलीला त्यांना बसवलं. अक्षता त्यांनी डाव्या हातानं टाकल्या. सव्वादोनला घरी आलो, बाराबंदी न उतरवताच त्यांनी गोळी मागून घेतली. संध्याकाळपर्यंत मोरीकडं सात फेऱ्या झाल्या, आणि दर फेरीला सिद्धरामेश्वराचं नाव घेऊन डॉक्टरांना एक शिवी, एकही अक्षर न अडखळता.